पोस्ट निघाल्यावर

स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या रात्री ज्यांचं नाव यादीत नसतं ती मुलं सहसा रडत नाहीत. बॅग भरतात, खाली चहाला जातात, दुसऱ्या दिवशी जरा उशिरा येतात आणि पुन्हा पहिल्या पानापासून लक्ष्मीकांतचं राज्यघटनेचं पुस्तक उघडतात. रडतं ते दुसरंच कोणीतरी, ज्याच्या माणसाची पोस्ट निघालेली असते ते. आधी पेढे होतात, गुलाल होतो, अभ्यासिकेच्या दारात फोटो होतात, त्या फोटोत तीही हसत उभी असते. मग दोन-तीन आठवड्यांनी येऊन हळूच विचारते, "काकू, टेबल बदलून मिळेल का?"

मी पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रस्त्यापासून आतल्या बाजूला, अभ्यासिका चालवते. त्याआधी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायचे. मानधन कधी यायचं ते प्राचार्यांनाही माहीत नसायचं. सासऱ्यांच्या वाड्याच्या जागी इमारत झाली, तिच्यातले दोन हॉल आमच्या वाट्याला आले, तिथे टेबलं टाकली. एक हॉल मुलींचा, एक मिश्र. मुलं बीड, लातूर, सोलापूर, नांदेड, सातारा, बुलढाणा अशी कुठकुठून येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि दिवसाचे दहा-बारा तास माझ्याकडे बसतात. ती मला काकू म्हणतात. मी त्यांना टेबल नंबरने ओळखते. नावं पावती फाडताना कळतात. समाजशास्त्र शिकवणं सुटलं, पण ते रोज समोर येऊन बसतं, आणि वायफाय चालत नाही म्हणून तक्रारही करतं.

एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोघांत एक पूर्ण गुंतलेला आणि दुसरा अर्धा बाहेर, ही गोष्ट काही या पेठांपुरती नाही. कुठेही असते. पण इथे ती उघडी दिसते, कारण इथे प्रत्येक गोष्टीला तारीख असते. फॉर्मची, पूर्वची, मुख्यची, मुलाखतीची, निकालाची. जे नातं एरवी दहा वर्षं संदिग्ध राहू शकलं असतं, त्याचा इथे एका पीडीएफने निकाल लागतो.

चाळीस नंबरला लातूरकडचा एक मुलगा बसायचा, एकेचाळीसला सांगोल्याकडची मुलगी. (तपशील जरा बदललेत. दोघंही आता नोकरीत आहेत, उगाच त्रास नको.) ती चालू घडामोडींच्या नोट्स तीन रंगांत काढायची. निळ्यात बातमी, हिरव्यात आकडे, लाल शाईत 'आधी विचारलंय'. एकदा मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडे उभी होते, तिथे ती तोच गठ्ठा घेऊन आली. झेरॉक्स झाली. तिने मूळ प्रत एका फोल्डरमध्ये नीट ठेवली, झेरॉक्स दुसऱ्यात. वर आल्यावर पाहिलं तर रंगीत गठ्ठा चाळीसवर होता आणि एकेचाळीसवर काळापांढरा. झेरॉक्समध्ये तिन्ही रंग सारखेच काळे येतात. म्हणजे स्वतःच काढलेल्या नोट्समधलं 'आधी विचारलंय' कुठलं, हे तिला पुन्हा शोधायला लागत असणार.

त्याच्या घरचे सोयाबीनचे पैसे अडकले की त्याची फी ती भरायची, पावती त्याच्या नावाने. त्याचा फॉर्म ती भरायची, केंद्र ती निवडायची, हॉलतिकिटाची प्रिंट ती काढायची. मुलगा वाईट नव्हता, हे आवर्जून सांगते. तिला ताप भरला तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला आणि रात्रभर तिथे बसून राहिला. पण तिच्या घरी तो 'आमच्या ग्रुपमधला एक' होता, आणि त्याच्या घरी ती नव्हतीच. ती विचारायची, तो म्हणायचा, "आधी पोस्ट निघू दे, मग सांगू." यावर तीही मान डोलवायची, कारण वाक्य शहाणपणाचं होतं. बेरोजगार मुलाने घरी प्रेमाचा विषय काढणं म्हणजे काय, ते तिला चांगलं माहीत होतं.

त्याची पीएसआयची पोस्ट निघाली. तिची थोडक्यात हुकली. गावात मिरवणूक, फ्लेक्स, सत्कार. फ्लेक्सवर आईवडील, क्लासचे सर, आमदार. मग तो नाशिकच्या पोलीस अकादमीत ट्रेनिंगला गेला, आणि इकडे त्याच्या घरी स्थळं यायला लागली. पीएसआय मुलाला स्थळं कशी येतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मुलीचे मामा थेट गाडी घेऊन येतात. त्याने तिला 'नाही' म्हटलंच नाही. आधी बहिणीचं लग्न होऊ दे, मग घराचा स्लॅब पडू दे, मग ट्रेनिंग संपू दे. एकदा तिने धीर करून तारीखच मागितली: दिवाळीत घरी सांगशील का? त्याने विचारलं, "कुठल्या दिवाळीत?"

अमेरिकेत विलर्ड वॉलर नावाचा समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजातल्या मुलामुलींची जोड्या जमवण्याची रीत त्याने बारकाईने पाहिली होती. कुणाकडे गाडी, कुणाचे कपडे, कोण कुठल्या प्रतिष्ठित मंडळाचा सभासद, यावरून तिथे मुलांची उतरंड ठरायची. (आमच्याकडे उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी, तहसीलदार अशी असते, आणि ती पाठ असायला कुठला क्लास लावावा लागत नाही.) १९३८ साली कुटुंबसंस्थेवरच्या आपल्या पुस्तकात त्याने एक तत्त्व मांडलं: नातं टिकावं यात ज्याला कमी रस, नात्याच्या अटी तो ठरवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावरून हमखास हशा यायचा, कारण सगळ्यांना ते आधीच माहीत असायचं. फोन उशिरा उचलण्याची मुभा कुणाला आहे ते बघा. भेटायची वेळ कुणाच्या सोयीची असते, भांडण झाल्यावर आधी मेसेज कोण करतं, आणि निळ्या टिका दिसूनही तासभर थांबायची हिंमत कुणात आहे, ते बघा. ज्याला गमवायची भीती कमी, तो निवांत असतो. दुसऱ्याला हा निवांतपणा सुरुवातीला त्याचा समजूतदार स्वभाव वाटतो.

पण वॉलरच्या तत्त्वाने अर्धंच कळतं. एकाला रस कमी का असतो? स्वभावच तसा? मन भरलं? इथे मला कॅरिल रझबल्ट ही मानसशास्त्रज्ञ जास्त उपयोगी पडते. १९८० च्या सुमाराला तिने मांडलेला हिशोब साधा आहे. माणूस नात्याला किती बांधलेला राहील हे फक्त त्याला त्या नात्यात किती सुख आहे यावर ठरत नाही. त्याच्यासमोर दुसरे पर्याय काय आहेत, आणि या नात्यात त्याने आजवर काय काय घातलंय, यावरही ठरतं. घातलंय म्हणजे पैसाच नव्हे. वर्षं, सांगितलेली गुपितं, सामाईक मित्र, नात्यापायी सोडून दिलेल्या गोष्टी. नातं तुटलं तर जे परत मिळत नाही ते सगळं.

आता चाळीस-एकेचाळीसकडे बघा. निकालाच्या रात्री त्याचं तिच्यावरचं प्रेम कमी झालं असं मला आजही वाटत नाही. त्या रात्री बदलले ते त्याचे पर्याय. आणि घातलेलं तर मुळातच विषम होतं, ते त्या रंगीत गठ्ठ्यात कधीचं दिसत होतं. तिने वेळ, पैसे, स्वतःचा अभ्यास असं सगळं त्याच्या बाजूला नेऊन ठेवलेलं, म्हणून तिला उठून जाणं जड. त्याचं तिच्याकडे फारसं काही अडकलेलंच नव्हतं. तिला वाटायचं, आपण इतकं करतो त्याने तो आपल्याशी बांधला जाईल. उलटं झालं. जो करतो तो बांधला जातो. ज्याच्यासाठी केलं जातं त्याला फार तर ऋणी वाटतं, आणि ऋणाईत माणूस सावकाराच्या गल्लीतून जायचं टाळतो.

याच हिशोबाची काळी बाजू रझबल्टने १९९५ साली एका सहकाऱ्याबरोबर पाहिली. मारझोडीच्या नात्यातून बाहेर पडून निवारागृहात आलेल्या बायकांपैकी परत कोण जातं? ज्यांच्याकडे पर्याय कमी आणि त्या नात्यात घातलेलं जास्त, त्या जाण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे याला बाईचा सोशिकपणा म्हणून हार घालतात. तिला नोकरी नाही, माहेर नाही, भाड्याने खोली मिळत नाही, हे कुणी मोजत नाही.

हृदयाच्या गोष्टीत आकडे आणले की वाचक वैतागतात, तरी एका अभ्यासाचे देतेच. १९७२ मध्ये बॉस्टन परिसरातल्या कॉलेजांतल्या २३१ जोड्यांना झिक रुबिन, अॅन पेप्लाव आणि चार्ल्स हिल या संशोधकांनी दोन वर्षं धरून ठेवलं. त्यातल्या १०३ जोड्या या काळात तुटल्या. ज्या जोड्यांत दोघांनीही सुरुवातीला 'आम्ही सारखेच गुंतलोय' असं सांगितलं होतं, त्यांतल्या २३ टक्के तुटल्या. ज्यांत निदान एकाला तरी गुंतणं विषम वाटत होतं, त्यांतल्या ५४ टक्के. दुपटीहून जास्त. पण मला त्या अभ्यासातलं आवडतं ते वेगळंच. जोड्या तुटल्या कधी? वर्षभर सारख्या नाही. मे-जून, सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारी, म्हणजे कॉलेजच्या सत्रांच्या सांध्यावर. सुट्टी लागते, कोणी घरी जातं, कोणी नवीन शहर निवडतं, आणि एरवी झाकून राहिलेलं वर येतं. विशेषतः ज्याला कमी रस होता, त्याला सत्र संपण्याचं निमित्त बरं पडायचं.

आमचे सांधे लोकसेवा आयोग ठरवतो. आणि तो ते हलवतोही. मार्च २०२१ मध्ये पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये परत रस्ता भरला. २५ तारखेची पूर्व आयबीपीएसच्या बँक परीक्षेच्याच दिवशी आली होती, कृषी सेवेच्या जागांचाही प्रश्न होता. ती पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात त्या वय वाढण्याच्या, घरभाड्याच्या, नैराश्याच्या. त्या खऱ्याच आहेत. त्यात एक छापून येत नाही ते असं की परीक्षा पुढे गेली की 'पोस्ट निघाल्यावर सांगू' हेही पुढे जातं. कुणाच्या छातीवर दगड वाढतो, तर कुणाला गुपचूप हायसं वाटतं. एकाच टेबलाच्या दोन खुर्च्यांवर हे दोन्ही चेहरे मी एकाच संध्याकाळी पाहिलेत.

शिवाय ही मुदत दोघांना सारखी नसते. बहुतेक पदांसाठी खुल्या गटाला वयाची अट ३८, मागासवर्गीयांना ४३, ती आयोगाची. घरची अट वेगळी. मुलाला घरचे म्हणतात, अजून एक अटेम्प्ट दे. मुलीला म्हणतात, हा शेवटचा. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या काही मुली परत येत नाहीत. त्यांचे भाऊ येऊन लॉकर रिकामा करून नेतात. म्हणून जेव्हा मुलगा म्हणतो "थांब ना जरा, घाई काय आहे", तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच घाई नसते. घड्याळ तिच्या घरात टांगलेलं असतं.

पण मला इथे पुरुष तेवढे निबर आणि बायका तेवढ्या भोळ्या असा लेख लिहायचा नाही. बुलढाण्याकडची एक मुलगी होती. खाली गाडीला टेकून एक मुलगा रोज रात्री दहाला तिची वाट बघत उभा असायचा. पावसात सुद्धा, रेनकोट तिच्यासाठी जास्तीचा. मी एकदा सहज म्हटलं, "नशीबवान आहेस." ती म्हणाली, "काकू, मला त्याची सवय झालीये. प्रेम आहे की नाही ते मला माहीत नाही. या शहरात माझं कोणी नव्हतं, तेव्हा हा होता. आता सोडू कशी?" ती रोज त्याच्या मागे बसून जायची आणि रोज स्वतःला थोडी खोटी वाटायची. कमी गुंतलेल्याच्या हाती सूत्रं असतात हे खरं, पण ती सूत्रं हातात धरून बसणाऱ्यालाही सुख नसतं. उपकारांचं ओझं वाढत जातं, त्यातून चिडचीड येते, आणि ती निघते त्या रेनकोटवर: "कशाला आणतोस रोज?" त्याला कळायचं नाही की आपलं चुकलं काय.

अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठात स्कॉट स्टॅन्ली, गॅलेना रोड्स आणि हॉवर्ड मार्कमन यांनी या विषयात बरीच वर्षं घालवली आहेत. लग्न न झालेल्या जोडप्यांवरच्या त्यांच्या २०१७ च्या एका अभ्यासात साधारण एक-तृतीयांश जोड्यांत बांधिलकीचं अंतर लक्षात येण्याइतकं मोठं होतं. कमी बांधील असलेला जोडीदार पुरुष असण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि अशा जोड्यांत खटकेही जास्त. पण त्यांचं मला पटलेलं म्हणणं याहून जुनं आहे, २००६ चं. ते म्हणतात, काही जोडपी पुढचं पाऊल ठरवून टाकतात, आणि पुष्कळशी नुसती घरंगळत जातात. आधी एकत्र डबा, मग एकत्र खोली, मग एकत्र भाडं आणि एकत्र मित्र. मध्ये कुठेही कुणी कुणाला काही विचारलेलं नसतं. घरंगळण्याने माणूस अडकतो, पण बांधला जात नाही. बाहेर पडणं अवघड होतं तेवढंच. आणि ज्याला जास्त गुंतायचं असतं तो हे अडकणं म्हणजेच होकार समजून चालतो.

पेठांमध्ये घरंगळायला उत्तम उतार आहे. घरापासून दूर, एकच रस्ता, एकच मेस, एकच वेळापत्रक, आणि 'अभ्यासात लक्ष विचलित नको' म्हणून अवघड विषय न काढण्याची सर्वमान्य सोय. "मेन्स होऊ दे, मग बोलू." मेन्सनंतर मुलाखत असते. मुलाखतीनंतर निकाल. निकालात नाव नसलं तर पुढची पूर्व. माझ्याकडे अशी जोडी होऊन गेली जिने पाच वर्षांत राज्यघटनेतलं प्रत्येक कलम एकमेकांना विचारलं होतं, फक्त 'जात वेगळी आहे, तुझ्या घरी चालेल का' एवढं विचारलं नव्हतं. उत्तर दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच.

जातीचा मुद्दा इथे टाळता येत नाही. पुष्कळदा मुलगा किंवा मुलगी मनाने कमी गुंतलेली नसते. मागे कुटुंब, भावकी, गाव उभं असतं आणि ते या नात्यात शून्य गुंतलेलं असतं. एकटा माणूस घ्याल तर बांधिलकी सारखी दिसते. घर धरून मोजलीत की एक पारडं एकदम खाली जातं. अशा वेळी 'घरचे तयार नाहीत' हे वाक्य अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं असतं. किती खरं आणि किती सोयीचं, ते ओळखायची माझी एक साधी रीत आहे. मी विचारते, घरच्यांना विचारलं होतं का? नकार मिळालाय की नकाराचा अंदाज आहे? नकार घेऊन आलेला मुलगा आणि अंदाज घेऊन बसलेला मुलगा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगमंचावर आलं. सुलभा देशपांड्यांची बेणारेबाई ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. मला मात्र त्या नाटकात कायम प्राध्यापक दामले दिसतात, म्हणजे दिसत नाहीत. बेणारे गरोदर आहे ती त्यांच्यापासून, खटला चाललाय तो तिच्यावर, तिचं शिक्षिकेचं काम जायची वेळ आलीय, आणि दामले अख्ख्या नाटकात एकदाही येत नाहीत. तेंडुलकरांनी त्यांना एक वाक्यसुद्धा दिलेलं नाही. नात्यातून काहीच न गमावता बाहेर राहता येणं कसं असतं, ते इतक्या काटकसरीने दुसरं कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. दामल्यांना प्रेम होतं की नव्हतं हा प्रश्नच तिथे उरत नाही. त्यांना यावं लागलं नाही, एवढंच.

अलीकडे मुलींचे भाऊ किंवा मामा मला भेटायला येतात ते कायद्याची भाषा बोलतच. "केस टाकू, नोकरी घालवू." १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ६९ प्रमाणे, लग्न करायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण मुळात इरादाच नव्हता हे दिसावं लागतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला होता: सुरुवातीपासूनच खोटं असलेलं वचन वेगळं, आणि दिलेलं वचन पुढे न पाळणं वेगळं. तिथे मुलाने जातीचं कारण पुढे केलं होतं, नातं त्यानंतरही काही काळ चालू होतं, आणि न्यायालयाने गुन्हा रद्द केला. मी मामांना एवढंच सांगते की फसवलं गेलं असेल तर जरूर वकील गाठा, पोलीस स्टेशनला जा. पण 'बघू', 'थांब', 'कुठल्या दिवाळीत' यांना कुठल्याही संहितेत कलम नाही. चाळीस नंबरने तर लग्नाचं वचन कधी दिलंच नव्हतं. त्याने ते मला नंतर फोनवर स्वतःहून सांगितलं, दोनदा. ज्या माणसाला आपण वचन दिलं नव्हतं याची इतकी पक्की आठवण आहे, त्याने ते न देण्याची काळजीही तेवढीच घेतली असणार.

एकेचाळीसला मी मुलींच्या हॉलमध्ये खिडकीकडचं टेबल दिलं. तिथे ती पहिल्यांदा स्वतःच्या नोट्स रंगीत ठेवायला लागली. नंतर तिला कर सहायकाची पोस्ट मिळाली. मनासारखी नव्हती, पण घेतली. आणि मी एक नियम केला: फी जो भरेल, पावती त्याच्याच नावाने; कुणासाठी भरली ते खाली लिहायचं. पहिल्या महिन्यात मुलांनी कुरकुर केली. मुलींनी त्याहून जास्त केली.

म्हणजे विषम नातं टिकतच नाही का? टिकतं. आमच्याकडचंच एक आहे. मुलगी नायब तहसीलदार झाली आणि मुलाच्या परीक्षा एकामागून एक गेल्या. आधी तो आखडलेला असायचा, मित्रांत तिच्याबद्दल बोलायचाही नाही. तिची पोस्ट निघाली आणि पारडं फिरलं. आता तिच्या घरी स्थळांची रांग. चार महिने तो तिच्या प्रत्येक सत्काराचे फोटो तपासत बसायचा, शेजारी कोण उभं आहे म्हणून. ती सगळ्यांना टाळते तशी त्यालाही टाळेल असं मला वाटलं होतं. तिने मात्र त्याला बोलावून माझ्यासमोरच सांगितलं, "मी घरी सांगितलंय. पप्पा आठवडाभर बोलले नाहीत, आता बोलतात. तू तुझ्या आईला आठ दिवसांत सांग. नाही जमलं तर तेही सांग, मी अडून बसणार नाही, पण मग फोन करू नकोस." त्याने सहाव्या दिवशी सांगितलं. आईने रडारड केली, जात काढली, जेवण सोडलं, परत सुरू केलं.

दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. ३० दिवस ती नोटीस कार्यालयात लागलेली असते, कुणालाही हरकत घेता येते, आणि तीन साक्षीदार लागतात. त्या ३० दिवसांत तो रोज सकाळी जाऊन नोटीस फलकावर आहे की कुणी फाडली ते बघून यायचा. तिला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. तिसरी साक्षीदार मी होते. लग्नानंतर तिने मला सरळ सांगितलं, "काकू, आमच्यात जास्त मीच आहे, ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. आम्ही त्यावर बोलून घेतलंय." बोलून घेतलंय म्हणजे काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे तो नाही म्हणत नाही की तसं नाहीये."

परवा दोघं आली ती भांडतच. तिची बदली जतला होतेय आणि तो इथे एका क्लासमध्ये शिकवतो, टेस्ट सिरीजचे पेपर काढतो. तो म्हणाला, शनिवार-रविवार येत जाईन. ती म्हणाली, महिन्यातले किती शनिवार, ते आत्ता काकूंसमोर सांग. त्याने मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून दोन सांगितले. ती तीनवर अडून बसली. त्याने बॅचची वेळ, एसटीची वेळ, पेपर तपासायचे गठ्ठे असं सगळं पुढे केलं; तिने तिची तालुक्याची कामं, आचारसंहिता, पंचनामे मांडले. दोन कप चहा झाला. निघताना दोघांचं अडीचवर ठरलं होतं. अडीच शनिवार म्हणजे नक्की काय, ते त्यांनाच विचारा.